यंकर्सचं दुकान आणि दारव्ह्याची गादी

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात पन्नाशी ओलांडलेल्या कुणापुढेही 'यंकर्स' हे नाव काढून बघा. पुढची वीस मिनिटं तुमची गेलीच म्हणून समजा. कुणाच्या आईचा लग्नाचा गाऊन तिथला असतो, कुणाला लहानपणी नाताळात आजीबरोबर तिथे गेल्याचं आठवतं, कुणी नुसतं तिथल्या पाकातल्या दालचिनी रोलबद्दल बोलत सुटतं. मी राहते ते डे मॉइन हे या राज्याच्या राजधानीचं गाव. शहराबाहेर थोडं गेलं की दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, नजर पोचेल तिथवर. सोयाबीन बघून पहिल्या वर्षी मला जरा घरचं वाटलं होतं. पण शंभर शंभर एकरांच्या त्या वावरात निंदायला एक बाई दिसत नाही, धुऱ्यावर डबा घेऊन बसलेलं कुणी दिसत नाही. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

यंकर्स हे डिपार्टमेंट स्टोअर होतं. म्हणजे कापड, तयार कपडे, जोडे, भांडी, चादरी, अत्तरं, फर्निचर, सगळं एका मालकाच्या एका छपराखाली, मजल्यामजल्यावर. २०१८ च्या उन्हाळ्यात ते कायमचं बंद झालं. शेवटच्या सेलला मी गेले होते, त्याचं सांगतेच. पण हे लिहायचं निमित्त वेगळं आहे. या दिवाळीत गावी आले तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याला मामांच्या दुकानात बसले होते. मामांचं कापडाचं दुकान तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल, म्हणून नाव लिहीत नाही. माझ्या मामेभावाला, दादाला, यवतमाळला तीन मजली शोरूम टाकायची आहे. लिफ्ट, एसी, सगळं. बँक कर्ज द्यायला एका पायावर तयार आहे. मामांचा जीव मात्र त्यात नाही. बोलता बोलता मी यंकर्सचं नाव काढलं आणि मामा गादीवर सावरून बसले.

"दीडशे वर्साचं दुकान अन् असं बंद पडते? आग लागली का वं?"

आग लागली होती, तीही दोनदा. ५ नोव्हेंबर १९७८ ला, रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी, डे मॉइनच्या 'मर्ल हे' नावाच्या मॉलमधल्या यंकर्सला आग लागली आणि आत कामावर आलेली १० माणसं गेली. ते दुकान पुन्हा उभं राहिलं. दुसरी आग मार्च २०१४ मधली. शहरातल्या जुन्या इमारतीत दुरुस्तीचं काम चालू होतं, आणि तिचा मोठा भाग जळून कोसळला. पण तोवर ती इमारत रिकामी होऊन नऊ वर्षं होत आली होती. दुकान आगीने मेलं नाही.

मग मी पहिल्यापासून सांगायला घेतलं. पोलंडहून आलेले तीन ज्यू भाऊ, लिपमन, सॅम्युअल आणि मार्कस यंकर. १८५६ साली त्यांनी मिसिसिपीच्या काठी किओकक गावात दुकान टाकलं. त्या काळी ते पाठीवर गाठोडं घेऊन शेतांवरच्या घरोघरी माल विकायलाही हिंडत. हे ऐकल्यावर मामांचा चेहरा खुलला. त्यांचे वडीलही सायकलवर लुगड्यांचं गाठोडं बांधून आठवडी बाजार करत होते. १८७४ मध्ये डे मॉइनला दुकान निघालं, १८९९ मध्ये ते सेव्हन्थ आणि वॉलनट या रस्त्यांच्या चौकात आलं आणि पुढे शंभरावर वर्षं तिथेच राहिलं. १९२७ मध्ये त्यांनी हॅरिस-एमरी हे गावातलंच मोठं दुकान आपल्यात घेतलं. १९३९ मध्ये आयोवातला पहिला सरकता जिना बसवला. शेतावरची माणसं तो बघायला यायची आणि जाताना काहीतरी घेऊन जायची.

"पाहा बाबा," दादा काउंटरपलीकडून म्हणाला, "त्यायनं जिना बसवला म्हणून लोक आले."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "बसाले जागा होती का गिऱ्हाइकाले?"

होती, आणि तीच तर गंमत आहे. सहाव्या मजल्यावर टी रूम होती. उंच छत, झुंबरं, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं. तिथे फॅशन शो व्हायचे, वाढदिवस व्हायचे. चीजचा दाट रस्सा ओतलेला एक बर्गर तिथला खास. गावाकडून आलेलं कुटुंब सकाळी खरेदी करायचं, दुपारी वर जेवायचं आणि संध्याकाळी गाडीला लागायचं. लग्नाचा बस्ता काढायला आलेलं वऱ्हाड ज्याने बघितलंय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. त्याच दिवशी लाडखेडकडचं एक कुटुंब बस्त्याला आलेलं होतं. नवरीची आई, दोन मावश्या, एक आजी, तीन पोरं, आणि कोपऱ्यात पैशाचा हिशोब मनात करत बसलेला बाप. चहा दोनदा झाला. आजीने मानपानाच्या पातळांचा ढीग उपसून, काठ बोटाने चोळून, "हे धुतलं का रंग सोडते" म्हणून बाजूला सारला. पोऱ्याने न कुरकुरता दुसरा ढीग टाकला. नवरीला शालू पसंत पडला तसा मावशीने तो तिच्या खांद्यावर टाकला आणि सगळे मागे सरून बघायला लागले. मग दुपट्टे, टोप्या, टॉवेल, तेही मोजून. निम्मे पैसे रोख, निम्मे कापूस विकल्यावर. मामांनी वहीत लिहिलं आणि वही मिटली. कुणाची सही नाही, काही नाही.

मामांचं अर्धं आयुष्य या कापसावरच्या उधारीत गेलंय. १९७२ ला कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी आली, तेव्हापासून संकलन केंद्रावरचे चुकारे अडकले की दुकानाची उधारीही अडकायची. सुरतेच्या आणि नागपूरच्या गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांना मग मामा हात जोडायचे. पण गिऱ्हाईक पळून जात नव्हतं. पोळ्याला नाही तर अखाडीला येऊन द्यायचंच.

म्हणून मामांचा पुढचा अंदाज साहजिक होता. "मंग तिकडच्या शेतकऱ्याचं कंबरडं मोडलं असंन, अन् त्यासंगं दुकानाचं."

मोडलं होतं. १९८१ ते १९८६ या काळात आयोवातल्या शेतजमिनीचे भाव ६३ टक्क्यांनी पडले. कर्जावर जमिनी घेतलेल्यांची शेतं लिलावात निघाली, लहान गावांतल्या बँका बुडाल्या. आपल्याकडे 'अमेरिकेचा शेतकरी' म्हटलं की डोळ्यांपुढे नुसता ट्रॅक्टर येतो. त्या वर्षांत तिथेही शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या, हे दुकानात बसलेल्या कुणालाच माहीत नव्हतं. लाडखेडच्या त्या बापाने पहिल्यांदा मान वर करून बघितलं. पण यंकर्स त्यातूनही तगलं.

ते गेलं मालक बदलत गेल्याने. १९९६ मध्ये टेनेसीच्या प्रॉफिट्स कंपनीने ते विकत घेतलं. दोनच वर्षांत त्या कंपनीने न्यूयॉर्कचं सॅक्स घेतलं आणि त्याचंच नाव लावून घेतलं. पुढे कारभार डे मॉइनमधून उठून मिलवॉकीला गेला. म्हणजे आयोवातल्या बाईने जानेवारीत कोणता कोट घालावा, हे दुसऱ्या राज्यात ठरायला लागलं. ऑगस्ट २००५ मध्ये शहरातलं मूळ दुकान बंद झालं, मॉलमधली तेवढी राहिली. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बॉन-टन कंपनीने यंकर्ससकट पाच नावांची दुकानं ११० कोटी डॉलरना घेतली. विकत घेतलेला धंदा तिच्या स्वतःच्या धंद्यापेक्षा मोठा होता. पैसे अर्थातच कर्जाचे.

"मंग ते कर्ज फेडाचं कोनं?"

"दुकानांनीच, मामा. विक्रीतून."

"म्हंजे इकणाऱ्याले पैसा भेटला, घेणाऱ्याले दुकान भेटलं, अन् बोजा दुकानाच्या डोक्यावर." त्यांनी दादाकडे बघितलं नाही, पण ऐकवलं त्यालाच. मग जरा वेळाने, "आपल्या शकुंतलेवानी झालं हे."

थोडंफार तसंच. यवतमाळहून दारव्हामार्गे मूर्तिजापूरला धावायची ती आपली शकुंतला रेल्वे कापसासाठी टाकलेली, रूळ आपल्या मातीतले आणि मालकी मात्र खासगी कंपनीची. बसणाऱ्याला ती कितीही आपली वाटली तरी तिचं काय करायचं ते दारव्ह्यात ठरत नव्हतं.

२००८ ची मंदी आली तेव्हा बॉन-टनच्या गळ्यात व्याजाचा धोंडा होताच. एकीकडे वॉलमार्ट आणि टार्गेटसारखी स्वस्त मालाची मोठी दुकानं, दुसरीकडे घरबसल्या मागवायची सोय. पैसा व्याजात चाललेला असताना दुकानांना रंग द्यायलाही हात आखडायला लागला. फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एप्रिलमध्ये लिलाव झाला आणि माल फुंकून टाकणाऱ्या कंपन्यांनी बाजी मारली. ऑगस्टअखेर २३ राज्यांतली अडीचशेच्या वर दुकानं बंद. इथे दादा मध्ये बोलला, आणि त्याचं बोलणं मला आजही पटतं: ज्यांच्यावर कर्ज नव्हतं अशी किती जुनी दुकानं तरी उरली? गिऱ्हाईक अमरावतीला जातंय, फोनवर मागवतंय, आणि आपण अजून गादीवर बसून थान उलगडतोय. यंकर्सने १९३९ चा जिना बसवला नसता तर ते आधीच संपलं असतं. खरं आहे. पण तो जिना दुकान चालवणाऱ्यांनी, आपल्या गिऱ्हाइकाकडे बघून बसवला होता.

त्या शेवटच्या सेलबद्दल मामांनी फार बारकाईने विचारलं. छताला पिवळे फलक टांगलेले होते आणि दर आठवड्याला त्यांच्यावरचे टक्के वाढत होते. मी गेले तेव्हा कपडे एका कोपऱ्यात गोळा केले होते आणि उरलेल्या मोकळ्या जागेत दुकानच विकायला मांडलं होतं. आरसे, काचेची कपाटं, हँगरची खोकी, बिनडोक्याचे पुतळे, प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी. ज्या बाईने मला माझा पहिला हिवाळी कोट दाखवला होता ती तिथेच होती. तेव्हा तिने तीन कोट परत ठेवायला लावून चौथा घ्यायला लावला होता, तोही स्वस्तातला. आता ती चिठ्ठ्या चिकटवत होती. सप्टेंबरात नुसतं नावही विकलं गेलं, वेबसाइट चालवायला. शहरातल्या जुन्या इमारतीतली टी रूम तेवढी २०१४ च्या आगीतून वाचली होती. ती दुरुस्त करून आता लग्नसमारंभांना भाड्याने देतात.

"पुतळे केवढ्याले देल्ले?" मामांनी विचारलं. मला आठवत नव्हतं. ते जरा नाराज झाले.

मी परत निघायच्या आदल्या दिवशी बापलेकांचं अर्धंमुर्धं ठरलं होतं. जागा यवतमाळचीच, पण एकच मजला, तोही भाड्याने, आणि बँकेकडून फक्त मालापुरतं. लिफ्टचा विषय आपोआप गेला. एसीवर वाद अजून चालू आहे, आणि त्यात मी दादाच्या बाजूने आहे. मे महिन्यात बस्ता काढायला बसून बघा म्हणजे कळेल.