तुम्ही विचारलंत म्हणून: हेगच काहून?

"काहून सर, त्याच्या देशातल्या कोर्टाले काय धाड भरली?" पदच्युत हुकूमशहाचा खटला हेगला, म्हणजे नेदरलँड्समधल्या आंतरराष्ट्रीय कोर्टात, चालावा असं मी म्हटलं की सिव्हिल लाइन्सच्या टपरीवर हे ठरलेलं. अहो, मी इथेच नागपुरात वकिली करतो. देशी न्यायालयांवर विश्वास नसता तर काळा कोट केव्हाच खुंटीला टांगला असता.

माझं घोडं अडतं ते इराकच्या सद्दामपाशी. त्याचा खटला त्याच्याच देशातल्या कोर्टात चालला. ३० डिसेंबर २००६ ला त्याला फाशी झाली आणि लगेचच ती क्लिप बाररूममध्ये पोचली. एका ज्युनिअरच्या मोबाइलवर आम्ही चारपाच जण वाकून बघत होतो. अंधुक, हलणारं चित्र. गळ्यात फास असलेल्या माणसाला खालून टोमणे मारताहेत, 'मुक्तदा, मुक्तदा' असा त्याच्या विरोधातल्या शिया धर्मगुरूच्या नावाचा घोष चाललाय, तोही उलट उत्तर देतोय. कलमा दुसऱ्यांदा पुरा व्हायच्या आत पायाखालची फळी निसटली. "चला, सुटले लोक," कुणीतरी म्हणालं.

कोण सुटलं? फाशी झाली ती दुजैल गावात मारलेल्या १४८ जणांसाठी. १९८८ मध्ये कुर्दांवर विषारी वायू सोडला, गावंच्या गावं मारली, त्या 'अन्फाल' मोहिमेचा खटला तेव्हा चालूच होता. सद्दामपुरती ती फाइल बंद झाली. बचावाचे तीन वकील तर आधीच मारले गेले होते. मला तेच जास्त लागलं, आता वकिलाला दुसरं काय लागणार!

मग कुणीतरी अक्कू यादव काढतोच, बायांवर अत्याचार करणारा इथला गुंड. २००४ मध्ये कस्तुरबानगरच्या बायांनी आपल्याच जिल्हा न्यायालयात त्याला संपवलं, तिथे कुठे हेग लागलं? नाही लागलं. त्या बायांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण त्याला समोर उभं करून त्यांनी शपथेवर सांगायचं ते राहिलंच.

हेगचं कौतुक मलाही बेताचंच. सर्बियाचा माजी अध्यक्ष मिलोसेविच तिथे चार वर्षं खटला लढवत बसला आणि मार्च २००६ मध्ये निकालाआधीच कोठडीत मेला. तरुणपणी मीच भाषणं ठोकायचो, की घरचा गुन्हेगार घरच्यांनीच तोलावा. तो मी आज समोर आला तर त्याला गप्प करता येईलच असं नाही.

आता बांगलादेशच्या पदच्युत पंतप्रधान हसीनांचं विचारता. ढाक्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये गैरहजेरीत फाशी सुनावली, आणि बाई भारतात. पाठवाव्यात? समोर फाशी असेल तर मी नाहीच म्हणेन. मग हेग? बांगलादेश हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य आहे, आपण नाही. सांगा, कोणत्या तोंडाने म्हणू?