दिवे घाटातला पाऊस

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊलींच्या प्रस्थानासाठी आळंदीत पोहोचलो, तेव्हा इंद्रायणीच्या पायऱ्यांशी पांढरा फेस येऊन थांबला होता. वरच्या अंगाच्या वस्त्यांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी नदीत मिसळते, हे वर्तमानपत्रांत अनेकदा वाचले होते. परंतु ज्या पाण्यात स्नान करून वारीला निघायचे, त्याच पाण्यातून पाऊल मागे घेताना जी लाज वाटली, ती वाचून कळण्यासारखी नव्हती. त्या दिवशी माझा सगळा राग नदीच्या वरच्या बाजूला राहणाऱ्या माणसांवर होता.

आमच्या दिंडीत तुळशीवृंदावन घेतलेल्या बायकांच्या मागे एक आजी डोक्यावर पितळी कळशी घेऊन चालत असत आणि कोणी तहानलेला दिसला की थांबून त्याला फुलपात्रभर पाणी देत असत. प्रत्येक मुक्कामी त्या कळशीत भर घालीत, पण तळाचे पाणी कधी ओतून टाकीत नसत. हडपसरच्या पुढे मी त्यांना विचारले, ‘‘आजी, यात आळंदीचं पाणी आता कुठं उरलं असेल?’’ त्या म्हणाल्या, ‘‘कळशी रिती केलीच न्हाई माऊली, मग ते जाईल कुठं?’’

दिवे घाट चढत असताना पावसाने गाठले. खाली मस्तानी तलाव धूसर झाला, टाळांचा आवाज पावसात मिसळला, आणि झेंडेवाडीच्या विसाव्याला आम्ही निथळत उभे राहिलो. तेथे एक साधी गोष्ट डोळ्यांत भरली. माथ्यावर पडलेल्या एकाच सरीचे काही पाणी आम्ही चढून आलो त्या उताराने मागे, मुळा-मुठेच्या दिशेला धावत होते, आणि काही पाणी आमच्याबरोबर पुढे, सासवडच्या कऱ्हेकडे निघाले होते. एका ढगातून आलेल्या थेंबांची ही कायमची ताटातूट आहे, असे वाटून मी उगाच हळवा झालो. पुरंदरच्या या कोरड्या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्यामुळे पुढे गेलेल्या त्या ओहळाबद्दल जरा अधिकच माया वाटली, हेही खरे.

जेजुरी, वाल्हे मागे पडले. नीरा नदीवर माऊलींच्या पादुकांना स्नान घातले गेले आणि पालखी सातारा जिल्ह्यात शिरली. त्या गर्दीत आम्हीही नदीत उतरलो. मी अंगाला साबण लावला, कपडेही तेथेच धुतले, आणि ओला टॉवेल खांद्यावर टाकून लोणंदची वाट धरली. पुढे फलटण आणि माळशिरस तालुक्यांत ज्या उसाच्या कडेने आम्ही चाललो, त्यातला बराचसा नीरेच्या उजव्या कालव्यावर पोसलेला होता. म्हणजे मागे टाकलेली नदी वाटेत पुन्हा भेटत होती, आणि आम्ही ते लक्षात न घेताच त्या पिकांच्या सावलीला टेकत होतो.

नातेपुत्याच्या मुक्कामी शेजारच्या राहुटीत नीरा नरसिंहपूरकडचे एक शेतकरी होते. बोलता बोलता त्यांनी बोटाने मातीवर नद्या काढून दाखवल्या. इंद्रायणी तुळापूरला भीमेत जाते, मुळा-मुठा त्याच्या खाली भीमेलाच मिळते, आणि हे सारे पाणी उजनीच्या धरणात साठते. इकडे कऱ्हा नीरेत जाते, नीरा त्यांच्या गावी भीमेला मिळते, आणि तेथून भीमा पंढरपूरला येते. म्हणजे दिवे घाटाच्या माथ्यावर वेगळे झालेले ते दोन ओहळ पंढरीच्या अलीकडे पुन्हा एक होतात. आम्ही पायी ओलांडलेली प्रत्येक नदी आमच्या आधी किंवा मागाहून तेथेच पोहोचते. मला फार आनंद झाला, आणि लगेच नीरेच्या काठावरचा साबण आठवला. ज्यांच्यावर आळंदीत रागावलो होतो, त्यांच्यासारखाच मीही कोणाच्या तरी वरच्या अंगाला उभा होतो. त्या रात्री झोप उशिरा लागली.

वाखरीच्या रिंगणानंतर पंढरपुरात शिरलो. येथे भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. काठ माणसांनी भरला होता. आजींनी कळशीतले उरलेले पाणी नदीत हळूच सोडले, रिकाम्या कळशीत चंद्रभागेचे पाणी घेतले आणि पदराने तोंड बांधले. मी साबण न लावता तीन बुड्या मारल्या. मळलेले कपडे पिशवीत तसेच ठेवून वाळवंट चढून वर आलो, आणि मुक्कामाच्या ठिकाणी नळावर बादली भरून ते धुतले. पाणी ओततानाही ते कोठे जाते आहे, हे पाहत राहिलो.