मागच्या बाकावर कोणीतरी

बुधवार, रात्र

झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

बी.एड.च्या मुली इंटर्नशिपला आल्यात. त्यातली मराठी मेथडची, म्हणजे मराठी शिकवायला शिकणारी एक आज नववीच्या तासाला मागच्या बाकावर निरीक्षणाला बसली. अभंग होता, दरवर्षी शिकवते तोच. पण पहिला चरण म्हणतानाच जाणवलं की मी नेहमीपेक्षा सावकाश वाचतेय, आवाज मागपर्यंत जातोय ना ते बघतेय. तास छान झाला. आणि स्टाफरूममध्ये येऊन टेकले तर घसा दाटून आला.

आधी वाटलं, कोल्हापूरची, माझ्या बी.एड.च्या दिवसांची आठवण असेल. वसतिगृह, रात्री जागून कार्डशीटवर काढलेले तक्ते, गुंडाळफळा सांभाळत पकडलेली बस. पण ते आठवलं की मला बरं वाटतं. हे तसं नव्हतं.

आमच्या वेळी बी.एड. एकाच वर्षाचं. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, ते बरंच झालं. आमची सुरुवात सूक्ष्मपाठांनी, म्हणजे सरावाच्या छोट्या पाठांनी. ३६ मिनिटांचं चक्र: ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे पाठ कसा झाला ते ऐकायचं, १२ मिनिटांत पाठ पुन्हा बांधायचा, मग परत ६ मिनिटं शिकवणं आणि ६ मिनिटं ऐकून घेणं. एका वेळी एकच कौशल्य, समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच मैत्रिणी. बरेच जण त्याला नाटक म्हणायचे. मला ते कधीच नाटक वाटलं नाही. मी किती प्रश्न विचारले, उत्तर यायच्या आत मीच किती वेळा बोलून टाकलं, हे कोणीतरी निरीक्षणाच्या तक्त्यावर खुणा करत टिपत होतं. तोवर माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नव्हतं. घरी तर… असो.

आणि आम्हाला बी.एड.ला शिकवणाऱ्या बाई. प्रकट वाचन असलं की डोळे मिटून ऐकायच्या. संपल्यावरही लगेच बोलायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "अर्थ तुला कळलाय, पण मुलांपर्यंत पोचायला तू त्याला वेळच देत नाहीस. थांब जरा." माझ्या 'न' आणि 'ण'च्या उच्चारांवरून एका पाठाच्या शेऱ्यात जे लिहिलं गेलं, ते बाईंनी लिहिलेलं नव्हतं. त्याबद्दल आज नको.

तर खुपतंय ते हे. नोकरी लागल्यापासून माझा तास असा कोणी ऐकलाय? मुलं ऐकतात, पण ती शिकायला बसलेली असतात. लॉगबुकात शेरा लिहायला येणारे येतात, टाचण वही, म्हणजे पाठाची लेखी तयारी पाहतात, निकाल विचारतात. यू-डायसवर शाळेची सरकारी माहिती भरली का, आधार जोडलं का, हे सगळ्यांना हवं असतं. आज अभंग कसा झाला, हे कोणी विचारत नाही. इतकी वर्षं मी बंद दाराआड शिकवतेय असं वाटून गेलं. त्या मुलीचा हेवा वाटला. तिच्या पाठाला मागे कोणीतरी असणार आहे.

तास संपल्यावर ती मुलगी वही घेऊन आली होती. "मॅडम, तिसऱ्या चरणानंतर तुम्ही थांबलात, ते टाचणात कसं लिहायचं?" मी तिला सांगितलं, मोठ्या अभंगात अक्षरं सहा, सहा, सहा आणि मग चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, आणि शेवटचा आखूड चरण एकटा येतो. त्याच्या आधी क्षणभर थांबलं तर तो मुलांना ऐकू येतो. तिने ते उतरवून घेतलं. ही रीत मला बाईंची. आजवरच्या प्रत्येक अभंगाला मी तिथे थांबत आलेय, मागे कोणी बसलेलं असो वा नसो.

हे लिहिताना जरा हलकं वाटतंय. शाळेत प्रत्येकाच्या डोक्यावर आपापले तास आणि आपापली माहिती भरायची असते. माझं ऐकायला कोणी आलं नाही, तसं कोणाचं ऐकायला मीही गेले नाही. तेवढी सवडच नव्हती कोणाला.

उद्या तिचा पहिला पाठ आहे, निरीक्षणाचा तक्ता मीच भरणार. वाचन संपेपर्यंत पेन उचलायचं नाही. आणि गणिताच्या सरांना विचारणार आहे की आठवीच्या तुमच्या तासाला मी मागे बसू का, आणि माझ्या तासाला तुम्ही याल का. त्यांना आश्चर्य वाटेल. कवितेतलं मला काय कळतंय म्हणतील. तरी बसा म्हणेन.