बीएस्सी अ‍ॅग्रीचं पहिलं वर्ष मी पिकांच्या तारखांवर कसं बसवलं

इंदूरच्या कृषी महाविद्यालयात आमचे वर्ग सुरू झाले तेव्हा माळव्यातलं सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. तेव्हा त्याचं मला काही विशेष वाटलं नाही. आमचं घर रामबागेतलं, आजोबा बँकेत, बाबा विमा कंपनीत, शेतीचा तुकडा सात पिढ्यांत कुणाकडे असलाच तर तो आता कागदावरही नाही. पॅटची, म्हणजे कृषी प्रवेशाची परीक्षा दिली, यादीत नाव आलं आणि आत्याने "म्हणजे तू आता नांगर धरणार का गं?" असं विचारून सगळ्यांना हसवलं, एवढीच माझी तयारी.

पहिल्या आठवड्यात विषयांची यादी हातात पडली. प्रत्येक विषयापुढे 4(3+1), 2(1+1) असे आकडे. कंसाबाहेरचा आकडा एकूण क्रेडिटचा, आतला पहिला थिअरीचा, दुसरा प्रॅक्टिकलचा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे साधारण दोन तास. आमच्या वेळी पाचव्या डीन समितीचा (देशभरातल्या कृषी पदव्यांचा अभ्यासक्रम ठरवणारी समिती) अभ्यासक्रम होता. पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅग्रोनॉमी (पीकशास्त्र) चार क्रेडिटची, मृदाशास्त्र आणि बायोकेमिस्ट्री तीन-तीन, उद्यानविद्या, वनशास्त्र, ग्रामीण समाजशास्त्र आणि इंग्रजी दोन-दोन. शिवाय ज्यांना बारावीला गणित नव्हतं त्यांना गणित, जीवशास्त्र नव्हतं त्यांना जीवशास्त्र.

सगळे करतात तसं मीही आधी क्रेडिट पाहून वेळ वाटला. जीपीए काढताना विषयाचा ग्रेड पॉइंट क्रेडिटने गुणतात, म्हणून चार क्रेडिटच्या विषयात घसरलं की एक क्रेडिटचा विषय कितीही रंगवून लिहा, भरून निघत नाही. हे गणित बरोबर आहे आणि ते सगळ्यांनी करावंच. पण ते अर्धंच आहे. उरलेलं मला खरगोनकडच्या एका मैत्रिणीने सांगितलं. तिच्या घरी कापूस आणि मिरची. तिने माझा तक्ता पाहिला आणि म्हणाली, "तू तण डिसेंबरमध्ये शिकणार? तोवर शेतात काय उरणार आहे?"

अ‍ॅग्रोनॉमीच्या पुस्तकात तणांचं प्रकरण बरंच मागे असतं आणि शिकवतातही त्याच क्रमाने. पण हर्बेरियम, म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडांचा संग्रह मागतात, त्यात खरिपाची तणं हवीच, आणि सोयाबीन काढून रान नांगरलं की ती गेली. म्हणून मी घरातलं कालनिर्णय उतरवलं आणि त्याच्या चौकोनांत आधी पिकं लिहिली, मग परीक्षा. सोयाबीनची काढणी, हरभऱ्याची पेरणी, गव्हाचं पहिलं पाणी. आजीला तिच्या एकादश्या दिसेनात म्हणून तिने वेगळं कॅलेंडर आणवलं, तो भाग सोडा.

हर्बेरियमबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पहिल्या वर्षाचे निम्मे उजागरे त्यातच जातात. खजुरी बाजारातून हर्बेरियमचे कागद आणि टीपकागद आणले. कॉलेजच्या फार्मवरच्या काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं की बांधावरून काय हवं ते घ्या, पण ट्रायलच्या प्लॉटमधलं गवतसुद्धा उपटायचं नाही. तिथे प्रत्येक वाफ्याचं मोजमाप चालू असतं, तण ठेवलेलंही मुद्दाम असतं. बांधावर तरी काय कमी? हराळी, लव्हाळा, सावा, दुधी, गाजरगवत, केना. झाड मुळासकट हवं, शक्य तर फुलासकट. लव्हाळा उपटला तर वरचे पातेच हातात येतात आणि खालची गाठ मातीत राहते, म्हणून खुरप्याने खोल खणून काढायचा. ती गाठच तर दाखवायची असते, कारण लव्हाळा वर्षानुवर्षं मरत नाही तो तिच्यामुळे.

बाकीची सगळी वर्तमानपत्रात दाबून, रोज कागद बदलून वाळली. केना मात्र वाळेना. जाडजूड रसाळ खोड, निळं फूल केव्हाच काळं पडलं, पण आठवड्याने कागद उघडला तर पेरावर नवा पोपटी कोंब! दाबाखाली, अंधारात, पाण्याविना. सीनियर दादाने उपाय सांगितला: दाबण्याआधी खोड क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून काढायचं, फुलाला पाणी लागू द्यायचं नाही. घोळीसारख्या मांसल झाडांनाही तेच. आईने त्या पातेल्यात पुन्हा चहा करायला साफ नकार दिला. पण शेतात केना उपटून बांधावर टाकला तर पहिल्या सरीला तो परत का उभा राहतो, हे मला पुस्तक उघडण्याआधीच कळलं होतं.

त्याच सुमारास मी कीटकही धरायला लागले, जरी एंटोमॉलॉजी दुसऱ्या सेमिस्टरची. दुसरं सेमिस्टर चालतं हिवाळा-उन्हाळ्यात आणि तेव्हा माळव्याच्या रानात किडे शोधत फिरावं लागतं. पावसाळा संपता संपता मात्र रस्त्यावरच्या दिव्याखाली उभं राहिलं तरी पतंग, भुंगेरे, रातकिडे, तुडतुडे सगळे हजर. नवरात्रात गल्लीतली मुलं गरब्याला आणि मी खांबाखाली बरणी घेऊन. टाचण्या टोचायचेही नियम आहेत: भुंगेऱ्याला उजव्या कवचातून, ढेकणाच्या जातीला पाठीवरच्या त्रिकोणातून, फुलपाखराला छातीच्या मधोमध. पेटीत नॅफ्थलीनच्या गोळ्या आठवणीने ठेवायच्या, नाहीतर मुंग्या रातोरात पाय-मिशा पळवतात आणि खाली टाचणीला नुसतं धड उरतं.

सोयाबीन उभं होतं तेवढ्यात चक्री भुंगाही बघून घेतला. पानाच्या देठावर थोड्या अंतराने दोन बारीक कड्या कोरलेल्या, कुणी ब्लेड फिरवल्यासारख्या, आणि त्यांच्या वरचं पान लोंबलेलं. त्या दोन कड्यांच्या मध्ये मादी अंडं घालते, अळी आतून देठ आणि मग खोड पोखरत जाते. मार्चमध्ये सरांनी हे फळ्यावर काढलं तेव्हा वर्गात अनेकांनी ते पहिल्यांदाच पाहिलं.

मृदाशास्त्र हा माझ्या मते पहिल्या वर्षातला सगळ्यात भारी विषय. त्याला हंगामाची घाई नसते असं वाटतं, पण काळ्या मातीत तीही असते. ओली माती चिमटीत मळून अंगठ्याने पट्टी काढायची. पट्टी न तुटता पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली की चिकणमाती. आमच्या फार्मची माती लांब पट्टी देते आणि मग दोन दिवस नखांतून निघत नाही. प्रयोगशाळेत हीच माती कॅल्गॉनच्या (मातीचे कण सुटे करणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात रात्रभर भिजवून उंच नळकांड्यात ढवळतात आणि पाण्याची घनता मोजणारा हायड्रोमीटर सोडतात. चाळीस सेकंदांत वाळू खाली बसते, दोन तासांनी पोयटाही, तरी पाणी गढूळच. ती चिकणमाती. हाच कण भिजला की फुगतो, सुकला की आकसतो, म्हणून एप्रिलमध्ये त्याच रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मी कालनिर्णयात एक चौकोन पावसाच्या मातीसाठी आणि एक एप्रिलच्या भेगांसाठी राखला होता. परीक्षेला भेगांचा फोटो कुणी विचारत नाही, पण व्हायवाला स्मेक्टाइट (काळ्या मातीतलं हे फुगणारं-आकसणारं खनिज) म्हटल्यावर पुढे काय बोलायचं हे त्याने सुटलं.

कंपोस्टच्या धड्याला मात्र आम्ही सगळे जरा ताठ बसलो. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणजे इंदूर आणि बेंगळुरू पद्धतींतला फरक, आणि इंदूर पद्धत म्हणजे हीच जागा. 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू केली, आणि 1931 मध्ये त्यांनी आणि यशवंत वाड यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. हॉवर्ड सगळ्यांना ठाऊक, वाडांचं नाव आमच्या वर्गात कुणी ऐकलेलं नव्हतं. आजोबांना सांगितलं तर त्यांनी लगेच इंदूरचे वाड कुठले, कुणाचे कोण, असा शोध सुरू केला. पद्धत साधी: पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर, ओलावा राखायचा आणि हवा खेळावी म्हणून अधूनमधून ढीग उलटायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार. बेंगळुरू पद्धतीत ढीग वरून लिंपून टाकतात, उलटणं नाही, म्हणून कष्ट कमी आणि वेळ जास्त.

बाकी विषयांना मी कमी वेळ दिला आणि त्याचं काही बिघडलं नाही. समाजशास्त्र प्रवासात ऐकून-वाचून होतं. वनशास्त्रात झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजायचा, एवढं हातात टेप धरून एकदा केलं की विसरत नाही. बायोकेमिस्ट्रीला तेवढा शेताचा उपयोग नाही. ती बसून, पुन्हा पुन्हा लिहूनच करावी लागते, आणि म्हणून ती मी सोयाबीन निघाल्यानंतरच्या रिकाम्या पंधरवड्यात टाकली.

रब्बीत हे वेळापत्रक आपोआप जुळायला लागलं. गव्हाला पहिलं पाणी पेरणीनंतर सुमारे 21 दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना. त्या दिवसांत फार्मवर गेले आणि काकांनी एक रोप उपटून हातात दिलं: बियाण्याजवळची मुळं वेगळी, वर जमिनीलगत नुकती फुटलेली पांढरी मुळं वेगळी. सिंचनाच्या धड्यातला अर्धा भाग तिथेच झाला. चाकवत आणि गुल्लीडंडा ही गव्हातली तणंही तेव्हाच कागदात गेली. गुल्लीडंडा ओंबी येईपर्यंत गव्हासारखाच दिसतो, म्हणून तो ओंबीसकटच घ्यायचा.

2024-25 पासून सहाव्या डीन समितीचा अभ्यासक्रम आला आहे. विषयांची मांडणी बदलली, कौशल्याचे प्रॅक्टिकल विषय पहिल्याच वर्षी आले, एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचीही सोय झाली. माझी आत्येबहीण या वर्षी तिथेच आहे आणि माझा तक्ता मागत होती. तो जसाच्या तसा तिच्या कामाचा नाही, विषय पुढेमागे झालेत. मी तिला पिकांच्या तारखा तेवढ्या उतरवून दिल्या, सोबत टाचण्यांची डबी आणि ते पातेलं. कीटकांची पेटी अजून माझ्याकडेच आहे, पण ती तिला मिळणार नाही. तिचे तिने धरावेत.