दुसऱ्या कार्बनवर काय नाही?

स्मरणिका समितीचं पत्र आलं तेव्हा विषय दिला होता, ‘शाळेने दिलेली शिदोरी’. संस्कार, शिस्त, प्रार्थना, पंधरा ऑगस्टची कवायत यांवर माझ्यापेक्षा बरं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी एका साखरेवर लिहितो, डीएनएतल्या डीऑक्सिरायबोजवर. चहात टाकायच्या नव्हे.

आमची दहावीची तुकडी १९८८ ची. विज्ञानाच्या सरांचं नाव मुद्दाम घेत नाही. ज्यांना त्यांनी शिकवलं त्यांना ते सांगावं लागणार नाही आणि ज्यांना शिकवलं नाही त्यांना नुसत्या नावातून काही कळणार नाही. सर पुणे विद्यापीठाचे बी.एस्सी.; जळगावचं विद्यापीठ व्हायला १९९० साल उजाडायचं होतं. तालुक्याच्या गावाला राहून ते एवढं वाचायचे कधी आणि पुस्तकं आणायचे कुठून, हे आम्हाला कधी कळलं नाही.

पुस्तकात डीएनएची पिळलेली शिडी होती आणि खाली एक ओळ: शिडीच्या दोन्ही बाजू साखर आणि फॉस्फेट यांच्या असतात. पेपरात विचारतात त्या पायऱ्या, म्हणजे ए, टी, जी, सी या अक्षरांच्या जोड्या. कोणापुढे कोण, तेवढं पाठ केलं की गुण मिळाले. साखरेला कोणी विचारत नाही. सरांनी त्या एका ओळीवर तासच्या तास घालवले. पालकांपैकी काहींनी हेडमास्तरांकडे कुरकुरही केली, पोर्शन मागे पडतो म्हणून. सरांवर काही परिणाम झाला नाही.

त्यांनी आम्हाला शेतातली काळी माती आणायला सांगितली. मळून सुपारीएवढ्या गोळ्या केल्या, ते कार्बन. काही गोळ्यांना गेरू फासला, ते ऑक्सिजन. हायड्रोजनसाठी तुरीचे दाणे आणि जोडायला खराट्याच्या काड्या. अर्ध्या वर्गाने रायबोज करायचं, म्हणजे डीएनएच्या भावंडातली, आरएनएतली साखर; अर्ध्याने डीऑक्सिरायबोज, डीएनएतली. चार काळ्या गोळ्या आणि एक लाल मिळून पाच जणांचं कडं. लाल गोळीच्या उजव्या हाताला पहिला कार्बन, मग दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा कड्याबाहेर, चौथ्याच्या डोक्यावर उभा. मागच्या बाकावरून एकाने विचारलंच, “सर, हाई साखर गोड शे का?” सर म्हणाले, “चाखू नको भाऊ, मोज.”

मोजलं. दोन्हीकडे कार्बन पाच, हायड्रोजन दहा. लाल गोळ्या मात्र रायबोजवाल्यांकडे पाच आणि आमच्याकडे चार. “कोणत्या कार्बनवरची गेली?” हा सरांचा आवडता प्रश्न. दुसऱ्या. रायबोजच्या दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट असतो. डीऑक्सिरायबोजच्या त्याच जागी नुसता हायड्रोजन. आरएनए आणि डीएनए यांच्या साखरेतला सगळा फरक एवढाच.

ती कडी आम्ही खिडकीत वाळत ठेवली. मार्चच्या उन्हात काळ्या मातीचं जे होतं तेच झालं: आकसली, तडकली, काड्या ओढल्या गेल्या आणि सपाट कडं एका बाजूने उचकटल्यासारखं वर आलं. आम्ही हिरमुसलो. सर खूश! म्हणाले, पुस्तकातलं सपाट कडं कागदापुरतं. खऱ्या रेणूत ते असंच वाकडं असतं, एखादा कार्बन पातळी सोडून वर निघतो. नेहमीच्या डीएनएमध्ये बहुधा दुसरा कार्बन वर येतो, पाचवा ज्या बाजूला असतो त्या बाजूला. आरएनएमध्ये तिसरा. या वाकण्यामुळेच दोन फॉस्फेटांमधलं अंतर कमीजास्त होतं आणि अख्ख्या पिळाचा आकार बदलतो. रोझालिंड फ्रँकलिनबाईंनी क्ष-किरणांच्या चित्रांतून डीएनएची कोरडी आणि ओली अशी दोन रूपं वेगळी ओळखली होती. त्या दोन रूपांत साखरेचं वाकणंही वेगवेगळं असतं, हे मला पुढे एम.एस्सी.ला वाचायला मिळालं. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ सालचा निबंध सगळ्यांना ठाऊक असतो, साखरेचं वाकणं कोणाला नसतं.

साखळी कशी जुळते ते दाखवायला सरांनी आम्हाला मैदानात उभं केलं. डावा हात पाचवा कार्बन, त्यावर फॉस्फेट. उजवा हात तिसरा कार्बन, त्यावर हायड्रॉक्सिल. याच्या उजव्याने त्याचा डावा धरायचा. दुसरी रांग समोर, पण उलट्या तोंडाने. पीटीचे सर ‘दहिने मूड’ झाल्याशिवाय रांग वळलेली बघून अस्वस्थ झाले, पण दोन्ही धागे उलट दिशेने धावतात ही गोष्ट आमच्या तुकडीला जन्मात विसरणं शक्य नाही. मग सरांनी एकाचा उजवा हात पाठीमागे बांधायला लावला आणि विचारलं, “आता पुढचा कुठे जोडाल?” जोडता येईना. साखळी तिथेच संपली. सर त्यावर काही बोलले नाहीत. फ्रेडरिक सँगर यांची १९७७ सालची डीएनए वाचायची पद्धत मी शिकलो तेव्हा उलगडा झाला: ज्या साखरेच्या तिसऱ्या कार्बनवरचाही हायड्रॉक्सिल काढून टाकला आहे अशी साखर मध्ये घुसवायची, साखळी कुठे थांबली ते बघायचं आणि अक्षरं वाचत जायची. त्यासाठी सँगर यांना १९८० चं नोबेल होतं. सरांना हे तेव्हा माहीत असणार, माझी खात्री आहे.

आता या साखरेचा शोध. फिबस लेव्हिन हे नाव आपल्याकडे फार कोणाला माहीत नाही. रशियन साम्राज्यातल्या लिथुआनियात जन्मलेला, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आयुष्य काढलेला माणूस. यीस्टच्या न्यूक्लिक आम्लातली, म्हणजे आजच्या भाषेत आरएनएतली, साखर रायबोज आहे, हे त्याने १९०९ मध्ये दाखवलं. वासराच्या थायमस ग्रंथीतल्या न्यूक्लिक आम्लातली, म्हणजे डीएनएतली, साखर कोणती, हे पक्कं सांगायला १९२९ उजाडलं. मध्ये वीस वर्षं! कारण असं की साखर सुटी करायला आम्लात उकळावं, तर ही एक ऑक्सिजन कमी असलेली साखर आम्लात टिकतच नाही. हाती येण्याआधीच तिची वाट लागते. शेवटी आतड्यातल्या पाचक रसांनी हळूहळू सोडवून घेतली तेव्हा ती सापडली. याच लेव्हिनचं दुसरं मत असं की डीएनए म्हणजे चारच घटकांची ठरावीक पुनरावृत्ती, म्हणून आनुवंशिकतेसारखं काम त्याच्याच्याने होणार नाही. ते पार चुकीचं ठरलं आणि लोक त्याला त्या चुकीसाठीच जास्त ओळखतात. मला हा अन्याय वाटतो.

मी स्वतः केळीच्या टिशू कल्चर रोपांच्या तपासणीत आहे. मातृझाडांची पानं येतात, त्यांत विषाणू आहे की नाही ते पाहायचं. केळीत मुख्यत्वे चार विषाणू तपासतात. बंची टॉप म्हणजे पर्णगुच्छ आणि स्ट्रीक, या दोघांचा विषाणू डीएनएवाला. आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात तो कुकुंबर मोझॅक आणि ब्रॅक्ट मोझॅक, हे दोघे आरएनएवाले. माझं कामाचं टेबलही त्यामुळे दोन भागांत वाटलेलं आहे. डीएनएच्या बाजूला आम्ही बऱ्यापैकी निवांत असतो. आरएनएच्या बाजूला हातमोजे सारखे बदलायचे, नळ्या बर्फात, बोलणं कमी. माणसाच्या बोटांवर, थुंकीत, सगळीकडे आरएनए तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. दुसऱ्या कार्बनवरचा तो हायड्रॉक्सिल शेजारच्याच फॉस्फेटवर चालून जातो आणि साखळी तिथे तुटते. विकर त्याला फक्त हात देतं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तर विकराचीही गरज लागत नाही. डीएनएचे दोन धागे त्या द्रावणात एकमेकांपासून सुटतात, पण धागा शाबूत राहतो. चालून जाणाराच जागेवर नाही! म्हणून हरण्याच्या तपासणीत आधी आरएनएवरून डीएनएची प्रत काढून घ्यावी लागते, मग पुढचं यंत्र. प्रत निघाली की आमचा जीव भांड्यात पडतो.

जिवंत पेशीत ही साखर आयती येत नाही. पेशी आधी रायबोजवाले घटक तयार करते आणि मग एक विकर त्यांच्या दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन काढून घेतं. केळीच्या जनुकसंचाचा आराखडा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, एका संचात सुमारे ५२ कोटी जोड्या. आपली बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन यांच्या पेशीत असे तीन संच असतात. जोडीमागे दोन साखरा धरल्या तर एका पेशीत तीनशे कोटींच्या वर डीऑक्सिरायबोज, आणि प्रत्येकीचा तो एक ऑक्सिजन काढलेला.

सरांनी आम्हाला पिकलेल्या केळ्यातून डीएनए काढूनही दाखवला होता. केळं कुस्करलं, मीठ आणि कपडे धुवायच्या पावडरीचं पाणी घातलं, धोतराच्या फडक्यातून गाळलं. वर दवाखान्यातून आणलेलं स्पिरिट, रसवंतीवरच्या बर्फात गार केलेलं, ग्लासच्या कडेने सोडलं. मधल्या थरात पांढरे बुडबुडेदार धागे वर आले आणि सरांनी ते काडीवर गुंडाळले. त्या गुंत्यात पेक्टिनही भरपूर असतं, हे आजच्या मुलांना सांगायला हवं. आणि डीएनए किती, ते बघायचं असेल तर डायफिनिलअमिन घालून उकळायचं. डीऑक्सिरायबोज असेल तेवढा निळा रंग चढतो. हे रसायन शाळेत वापरण्यासारखं नाही, आमच्याकडे आहे.

जयंतीवर्षानिमित्त शाळेला काही भेट द्यावी असं समितीने सुचवलं होतं. भिंतीवरच्या घड्याळापेक्षा मी वेगळं ठरवलं आहे. दिवाळीनंतर दहावीच्या वर्गाला प्रयोगशाळेत घेऊन या, गाडीचं मी बघतो. जेवणाला भरीत आणि कळण्याची भाकरी. विज्ञानाच्या बाईंना एवढंच सांगावं की मुलांनी आधी मातीची कडी करून, वाळवून आणावीत. गेरू शाळेच्या कपाटात सापडला नाही तर मला कळवा.