बॅकअप सर्व्हरचं अपग्रेड: सेटअपच्या आधीचं आणि नंतरचं काम

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या ठाणे-नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांमध्ये चित्र बहुतेक सारखंच दिसतं. दोन-तीन फिजिकल सर्व्हर, त्यांवर पंधरा-वीस व्हर्च्युअल मशीन, एकावर टॅली, एकावर ईआरपीचा एसक्यूएल सर्व्हर, एक फाइल सर्व्हर. आणि रॅकच्या तळाशी एक बॅकअप सर्व्हर, ज्याचा सकाळचा ईमेल हिरवा आला की दिवसभर त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. हे लिखाण त्या सर्व्हरवरच्या वीम बॅकअप अँड रेप्लिकेशन या बॅकअप सॉफ्टवेअरच्या अपग्रेडबद्दल आहे: ११ वरून १२ वर, किंवा १२ च्या जुन्या बिल्डवरून १२.३ वर. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर मेनू वेगळे असतील, कामाचा क्रम बराचसा हाच राहतो.

सेटअप स्वतः फार वेळ घेत नाही. पण माझ्या लेखी अपग्रेड संपतं ते जुन्या आवृत्तीने घेतलेला रिस्टोअर पॉइंट (एका वेळच्या डेटाची परत आणता येणारी प्रत) नव्या आवृत्तीतून उघडला आणि आतला डेटा तो रोज वापरणाऱ्या माणसाने बघून मान्य केला तेव्हा. तोवर जुनी आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल), जुना कॉन्फिगरेशन बॅकअप (वीमच्या स्वतःच्या सेटिंगचा), जुनी साखळी (एक फुल बॅकअप आणि त्यानंतरचे फक्त बदलांचे बॅकअप), काहीही पुसायचं नाही.

‘चाललंय ना, मग कशाला हात लावायचा’ हे बॅकअप सर्व्हरच्या बाबतीत आता परवडत नाही. मार्च २०२३ मध्ये वीममधली सीव्हीई-२०२३-२७५३२ ही सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली. त्यात टीसीपी पोर्ट ९४०१ पर्यंत पोचलेला कुणीही लॉगिन न करता कॉन्फिगरेशन डेटाबेसमधली एन्क्रिप्टेड क्रेडेन्शियल काढून घेऊ शकत होता. सप्टेंबर २०२४ मधल्या सीव्हीई-२०२४-४०७११ मुळे तर लॉगिनशिवाय दुरून कोड चालवता येत होता, आणि अकिरा व फॉग या रॅन्समवेअरच्या हल्ल्यांत ती वापरली गेली. मार्च २०२५ ची सीव्हीई-२०२५-२३१२० डोमेनला (कंपनीच्या सामाईक लॉगिन-व्यवस्थेला) जोडलेल्या बॅकअप सर्व्हरांना लागू होती. रॅन्समवेअरवाले आधी बॅकअप मारतात आणि मग बाकीच्या मशीनकडे वळतात, म्हणून ही यादी गंभीरपणे घ्यायची. बॅकअप सर्व्हर वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेनबाहेर, ठेवावा हे माझं ठाम मत आहे. पण डोमेनमधून काढायचं काम आणि अपग्रेड एकाच रात्री करू नका. काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळणार नाही.

आता दिवस कुठला निवडायचा. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, महिनाअखेरीला पगार आणि स्टॉक. हे सोडलं की २२ ते २६ ही मोकळी जागा उरते. एमआयडीसीत ज्या कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते त्यांना गुरुवारची रात्र सोयीची वाटते. पण महावितरणची देखभालही बऱ्याचदा शुक्रवारीच निघते, तेव्हा आधी त्यांचा एसएमएस बघा आणि यूपीएसची बॅटरी लोडवर किती मिनिटं टिकते ते तपासा. वीमच्या डेटाबेसचा स्कीमा (रचना) बदलत असताना वीज गेली तर मागे फिरण्यावाचून मार्ग नसतो.

त्या दिवशीचा बॅकअप बुडवायचा नाही, हेही धरून चला. कंपनी (लेखे) नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा भारतातल्या सर्व्हरवरचा बॅकअप पूर्वी ‘ठरावीक काळाने’ घ्यायचा होता, तो आता रोज घ्यायचा आहे. म्हणून अपग्रेडच्या संध्याकाळी आधी सगळे जॉब (ठरवून ठेवलेली बॅकअपची कामं) एकदा हाताने चालवून घ्या. टॅलीचं डेटा फोल्डर, सगळ्यांना बाहेर काढून, एका वेगळ्या डिस्कवर कॉपी करा. एसक्यूएलचाही एक नेटिव्ह बॅकअप घ्या, तो मात्र कॉपी-ओन्ली पर्यायाने, म्हणजे डिफरन्शियलचा (शेवटच्या फुल बॅकअपनंतरचे बदल साठवणाऱ्या बॅकअपचा) आधार हलत नाही. अपग्रेड रखडलं तरी त्या दिवसाचा हिशेब सुरक्षित असतो.

तयारीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कॉन्फिगरेशन बॅकअप. वीम तो रोज आपोआप घेतं आणि बीसीओ फाइल म्हणून मुख्य रिपॉझिटरीत (बॅकअप साठवायच्या जागेत) टाकतं. इथे दोन खाचखळगे आहेत. तो एन्क्रिप्टेड नसेल तर साठवलेले पासवर्ड त्यातून परत मिळत नाहीत. दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर केलं की जॉब दिसतात, पण प्रत्येक ईएसएक्सआय होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारा व्हीएमवेअरचा सर्व्हर), प्रत्येक लिनक्स रिपॉझिटरी आणि प्रत्येक गेस्ट मशीनचा पासवर्ड पुन्हा भरत बसावं लागतं. तेव्हा एन्क्रिप्शन आधी चालू करा. दुसरं असं की फाइल बॅकअप सर्व्हरच्याच डिस्कवर पडलेली असते. ती दुसऱ्या मशीनवर आणि एका पेन ड्राइव्हवर न्या. बीसीओचा पासवर्ड कागदावर लिहून लेखा विभागाच्या तिजोरीत ठेवा. ज्या पासवर्ड मॅनेजरचा बॅकअप याच सर्व्हरवर आहे, त्यात तो एकट्याने ठेवून उपयोग नाही.

मागे फिरण्याचा रस्ता नीट समजून घ्या. वीममध्ये उलटं अपग्रेड नसतं. जुन्या आवृत्तीवर जायचं तर जुनी आयएसओ नव्याने टाकायची आणि जुना बीसीओ रिस्टोअर करायचा. नव्या आवृत्तीने काढलेला बीसीओ जुनी आवृत्ती घेत नाही. बॅकअप सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर बंद करून स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपलेली स्थिती) घ्या, पण त्यावर मर्यादेतच विसंबा. नव्या आवृत्तीवर एकदा जॉब चालले की रिपॉझिटरीत अशा फाइल तयार होतात ज्यांची स्नॅपशॉटमधल्या जुन्या डेटाबेसला खबरच नसते. प्रॉक्सी (डेटा वाचून पुढे पाठवणारी मशीन) आणि रिपॉझिटरीवरचे घटकही तोवर नवे झालेले असतात. म्हणजे मागे फिरायचं की नाही, हे जॉब पुन्हा सुरू करण्याआधी ठरवायचं.

जॉब बंद करताना पॉवरशेलमधून सगळ्या जॉबची यादी सीएसव्ही फाइलमध्ये काढा. नाव, वेळापत्रक आणि सध्या चालू आहे की बंद, एवढे तीन रकाने पुरे. बरेच जण सगळे जॉब निवडून बंद करतात आणि नंतर सगळे निवडून चालू करतात. मग दोन वर्षांपूर्वी मुद्दाम बंद ठेवलेला, निवृत्त झालेल्या मशीनचा जॉब जागा होतो आणि रोज लाल ईमेल पाठवत राहतो. त्या गर्दीत खरा लाल ईमेल हरवतो. जॉब थांबवले की इन्स्टंट रिकव्हरी (बॅकअपमधूनच थेट मशीन चालवणं), रिस्टोअरची उघडी खिडकी, टेपचं काम, यांतलं काही सुरू राहिलं नाही ना तेही बघा.

क्रमही महत्त्वाचा. एंटरप्राइज मॅनेजर (वीमचं वेबवरून व्यवस्थापन) असेल तर तो आधी, बॅकअप सर्व्हर नंतर. क्लाउड कनेक्टवर कुणा सेवादाराकडे प्रती जात असतील तर सेवादाराची आवृत्ती तुमच्याइतकी किंवा पुढची हवी. त्यांना आठवडाभर आधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या. लायसन्सच्या सपोर्टची तारीख बघा, कारण बिल्ड प्रसिद्ध झाली त्या तारखेला सपोर्ट चालू असावा लागतो. सध्याच्या बिल्डवरून थेट उडी मारता येते की मधली आवृत्ती घ्यावी लागते, ते रिलीज नोट्समध्ये असतं. ईएसएक्सआय जुना असेल तर तोही तिथेच पडताळा.

प्रत्यक्ष सेटअपवर फार लिहिण्यासारखं नाही. आयएसओचा हॅश जुळवा, विंडोजचं अर्धवट राहिलेलं रीस्टार्ट आधी पूर्ण करा, अँटिव्हायरसमध्ये वीमची फोल्डर वगळा. ज्या खात्याने सेटअप चालवताय त्याला कॉन्फिगरेशन डेटाबेसवर डीबी ओनरचा हक्क हवा. मूळ इन्स्टॉलेशन कुण्या जुन्या कर्मचाऱ्याच्या खात्याने झालेलं असेल, तर सेटअप नेमकं इथे अडतं.

बहुतेक ठिकाणी अपग्रेड अडखळतं ते त्यानंतर, प्रॉक्सी आणि रिपॉझिटरीवरचे घटक अपडेट होताना. विंडोज मशीनवर अ‍ॅडमिन शेअर (पोर्ट ४४५), इन्स्टॉलर सर्व्हिस (६१६०) आणि डेटा मूव्हर (६१६२) यांपैकी काहीतरी फायरवॉलने अडवलेलं असतं. डेटा २५०० ते ३३०० या पोर्टांवरून जातो. लिनक्सच्या हार्डन्ड रिपॉझिटरीवर (जिथल्या फाइल ठरलेल्या मुदतीत पुसता येत नाहीत) एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन, बंद असतं आणि ते बंदच असायला हवं. अपडेट तिथे अडलंच तर तेवढ्यापुरतं ते उघडा, एकदाच वापरायचं क्रेडेन्शियल द्या आणि काम झालं की लगेच पुन्हा बंद करा. त्या मशीनचं घड्याळही तपासा, कारण फाइल किती दिवस पुसता येणार नाही हे त्याच घड्याळावर ठरतं. विंडोज एजंटमध्ये बदल टिपणारा ड्रायव्हर असेल तर तो बदलल्यावर रीस्टार्ट लागतो. फिजिकल ईआरपी सर्व्हरसाठी ती वेळ आधीच मागून ठेवा.

डेटाबेसचा मुद्दा वेगळा आहे. नवीन इन्स्टॉलेशनला आवृत्ती १२ पोस्टग्रेएसक्यूएल देते, पण जुन्यावर अपग्रेड केलं तर आधीचा एसक्यूएल एक्सप्रेस तसाच राहतो. २०१६ च्या एक्सप्रेसला प्रत्येक डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा आहे, आणि मेमरीही तो साधारण १.४ जीबीपुढे वापरत नाही. वर्षानुवर्षांचा जॉबचा इतिहास साठत जाऊन डेटाबेस ७-८ जीबीवर गेला असेल तर कन्सोल रेंगाळतो आणि एक दिवस लिहिणंच थांबतं. पोस्टग्रेएसक्यूएलवरचं स्थलांतर अपग्रेडबरोबर करू नका. आठवडाभर नवी आवृत्ती स्थिर चालू द्या, मग नव्याच आवृत्तीवर एन्क्रिप्टेड कॉन्फिगरेशन बॅकअप घ्या, पोस्टग्रेएसक्यूएल टाका आणि कॉन्फिगरेशन त्यात रिस्टोअर करा. नंतर पोस्टग्रेएसक्यूएलच्या मेमरी आणि कोअरच्या मर्यादा मशीननुसार ठरवणारी वीमची पॉवरशेल आज्ञा चालवायला विसरू नका.

जागेचा हिशेब मात्र अपग्रेडच्या आधीच हवा. आवृत्ती १२ मध्ये प्रत्येक मशीनची साखळी आणि तिचा मेटाडेटा वेगळा ठेवण्याची पद्धत आली. जुन्या साखळ्या जुन्याच पद्धतीने चालत राहतात. नव्या पद्धतीवर जायचं तर साखळीचं रूपांतर करता येतं, किंवा जुनी बाजूला ठेवून नव्या फुल बॅकअपने सुरुवात करता येते. दुसरा मार्ग स्वच्छ, पण जागा खातो. समजा मूळ डेटा ६ टीबी, कॉम्प्रेस होऊन फुल ३ टीबी, रोजचा बदल १२० जीबी, आठवड्याला एक फुल आणि १४ रिस्टोअर पॉइंट ठेवायचे. अनेकांचा हिशेब दोन फुलवर थांबतो. पण सर्वांत जुनी साखळी तिच्यानंतरचे पूर्ण १४ पॉइंट साठल्याशिवाय पुसली जात नाही. म्हणजे एका वेळी ३ फुल आणि १८ इन्क्रिमेंट (रोजच्या बदलांचे बॅकअप) डिस्कवर असतात: ९ टीबी अधिक २.१६ टीबी, एकूण सव्वाअकरा टीबीच्या जवळपास. एक्सएफएस किंवा ६४ केबी क्लस्टरच्या आरईएफएस या फाइल सिस्टिमवर फास्ट क्लोन चालू असेल तर सिंथेटिक फुल (आधीच्या बॅकअपमधून जुळवलेले) एकमेकांचे ब्लॉक वापरतात आणि हा आकडा खूप खाली येतो. मूळ मशीनवरून नव्याने घेतलेला अ‍ॅक्टिव्ह फुल मात्र जुन्या साखळीशी काहीही वाटून घेत नाही. तो पूर्ण ३ टीबी जास्तीचा धरा.

दुसऱ्या ठिकाणची प्रतही नव्याने सुरू केली तर तोच ३ टीबी लाइनवरून जाणार. १०० एमबीपीएसची लीज लाइन पूर्ण भरून वाहिली तरी तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे ६७ तास. दिवसा ऑफिस चालू असताना एवढी लाइन मिळत नाही. त्यापेक्षा पहिली प्रत एन्क्रिप्टेड डिस्कवर घेऊन गाडीने पोचवा आणि तिथल्या रिपॉझिटरीत मॅप करा, म्हणजे तीच पहिली प्रत म्हणून जोडा. हे ‘दुसरं ठिकाण’ कुठे आहे याचाही या निमित्ताने विचार व्हावा. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्ही वाहिन्या ट्रिप झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई तिन्हीकडची वीज एकदम गेली. वागळेची प्रत महापेत ठेवणं आगीसाठी चांगलं आहे, पण एक प्रत घाटापलीकडे, पुण्यात किंवा नाशकात हवीच.

आता चाचणी. अपग्रेडच्या आधी घेतलेला, किमान दहा दिवस जुना पॉइंट निवडा. त्यातून टॅलीचं डेटा फोल्डर फाइल-लेव्हल रिस्टोअरने वेगळ्या मशीनवर काढा आणि लेखापालांना उघडायला सांगा. ‘उघडलं’ एवढ्यावर थांबू नका. त्या तारखेचं डे-बुक काढून शेवटचं व्हाउचर छापील प्रतीशी जुळवायला लावा. ईआरपीचं मशीन इन्स्टंट रिकव्हरीने उभं करा, नेटवर्क तोडूनच, नाहीतर एकाच नावाची आणि आयपीची दोन मशीन समोरासमोर येतील. आत गेल्यावर एसक्यूएल डेटाबेस शाबूत आहे का ते तपासणारी डीबीसीसी चेकडीबी (DBCC CHECKDB) ही आज्ञा चालवा. मगच नव्या आवृत्तीवरचा पहिला जॉब चालवा आणि त्याच्याही पॉइंटवर हेच सगळं करा. अ‍ॅप्लिकेशन-अवेअर जॉब अडला तर आधी गेस्ट मशीनमधले व्हीएसएस रायटर (चालू डेटा बॅकअपसाठी क्षणभर स्थिर करणारे विंडोजचे घटक) बघा. तिथली चूक पुष्कळदा जुनीच असते, अपग्रेडच्या रात्री नजरेस पडते एवढंच.

टेप असतील तर त्यांनाही यात धरा. हिशेबपुस्तकं कंपनी कायद्याप्रमाणे ८ आर्थिक वर्षं जपायची असतात, त्यामुळे कपाटात एलटीओ-६ च्या टेप असणं साहजिक आहे. पण एलटीओ-८ पिढीचा ड्राइव्ह फक्त ८ आणि ७ पिढीच्या टेप वाचतो, एलटीओ-९ फक्त ९ आणि ८. सॉफ्टवेअरबरोबर ड्राइव्हही बदलत असाल तर जुना ड्राइव्ह भंगारात देण्याआधी एक जुनी टेप कॅटलॉग करून त्यातली एक फाइल परत काढून बघा.

हे सगळं जुळल्यावर सीएसव्हीच्या यादीप्रमाणे जॉब चालू करा. व्हर्च्युअल मशीनवरचा स्नॅपशॉट तीन दिवसांच्या आत काढा, तो वाढत जाऊन डेटास्टोअर भरतो. जुनी साखळी मात्र तिची मुदत संपेपर्यंत राहू द्या. जुनी आयएसओ आणि जुना बीसीओ त्या साखळीइतकेच दिवस ठेवा, एकाच फोल्डरमध्ये, फोल्डरच्या नावात बिल्ड क्रमांक लिहून.