रात्री बोट कुठे थांबवता?

आम्ही दोघं नवरा-बायको शिडाच्या बोटीतून अटलांटिक ओलांडून आलो हे कळलं की लोक आधी वादळाबद्दल विचारतील असं मला वाटायचं. तो प्रश्न येतो, पण नंतर. पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: रात्री बोट कुठे थांबवता? प्रश्न मला फार आवडतो. आजवर घाईत, उभ्या उभ्या उत्तर दिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

थांबवत नाही. नांगर टाकायचा तर पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट साखळी सोडावी लागते. आमच्याकडे साखळी ६० मीटर, म्हणजे १२-१५ मीटर पाण्यापर्यंत पुरेल एवढी. आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्द बेटांवरचं मिंडेलो बंदर सोडल्यावर तळ हजारो मीटर खाली जातो, पुढे काही ठिकाणी पाच हजारांवर. तिथून वेस्ट इंडीजमधलं बार्बाडोस साधारण २,००० सागरी मैल. आमची ३६ फुटी बोट ताशी पाच-सव्वापाच सागरी मैलांनी जाते. सावकाश धावणारा माणूस तिच्या बरोबरीनं राहील. हे अंतर १६ दिवसांत कापलं जातं ते ती रात्रीही चालते म्हणून. आम्ही जानेवारीत निघालो. त्या सुमाराला चक्रीवादळांचा हंगाम सरलेला असतो आणि ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे दिवसरात्र पाठीशी असतात. वाऱ्यालाच विसावा नाही, तर बोट कुठली थांबणार.

उरतो तो प्रश्न जागं कोण राहणार याचा. आमच्या पाळ्या तीन तासांच्या. आठ ते अकरा बायको, अकरा ते दोन मी, दोन ते पाच पुन्हा ती, पाच ते आठ मी. सुकाणू हातात धरून बसावं लागत नाही. विंडव्हेन नावाचं यंत्र वाऱ्याच्या दिशेवरच ते सांभाळतं, वीजही लागत नाही. फक्त त्याच्या पात्यात सरगॅसम शेवाळ अडकतं, ते काढत राहायचं. पाळीवरच्या माणसाचं मुख्य काम एकच, बघणं. नजर ठेवण्याचा नियम समुद्रावरच्या प्रत्येक नौकेला सदासर्वकाळ लागू आहे, दोघांच्या बोटीलाही.

मी पंधरा मिनिटांचा गजर लावायचो. पंधराच का, तर मोठ्या जहाजाच्या डोलकाठीवरचा दिवा निदान सहा सागरी मैलांवरून दिसला पाहिजे असा नियम आहे. ते जहाज ताशी १८ मैलांनी समोरून येत असेल आणि आम्ही सहानं जात असू, तर मधलं अंतर ताशी २४ मैलांनी घटतं. सहा मैल संपायला लागतात पंधरा मिनिटं. म्हणजे एकदा क्षितिज रिकामं पाहून डोळे मिटले, तर पंधराव्या मिनिटाला ते जहाज आमच्यावर असू शकतं. एआयएस यंत्रातून जहाजं रेडिओवर आपली माहिती पाठवत असतात, त्यावर जहाजाचं नाव, वेग, दिशा सगळं दिसतं. पण ज्याच्याकडे ते यंत्र नाही किंवा बंद आहे, तो दिसत नाही. म्हणून दर पंधरा मिनिटांनी उभं राहायचं आणि सगळं क्षितिज डोळ्यांनी फिरून पाहायचं.

आणि खाली झोपलेला माणूस? रात्रीचं सगळ्यात अवघड काम त्याचं, असं माझं ठाम मत आहे. बोट दोन्ही बाजूंना डोलत असते, अंथरुणातून पडू नये म्हणून कडेला कापड बांधलेलं असतं, आणि डोक्यात एकच विचार: वर ती आहे ना? रात्री कुणी पाण्यात पडलं आणि दुसरा झोपलेला असला, तर तीन तासांनी, पाळी बदलताना ते कळणार. तोवर बोट पंधरा मैल पुढे गेलेली. म्हणून आमचा नियम होता: अंधारात कॉकपिटमध्येही, म्हणजे बोटीच्या मागच्या उघड्या बैठकीतही, पट्ट्यानं बोटीला बांधून घेतल्याशिवाय बसायचं नाही, आणि पुढच्या डेकवर जायचं असेल तर दुसऱ्याला उठवायचंच. कितीही क्षुल्लक कामासाठी असो. सुरुवातीच्या चार रात्री मी झोपलोच नाही म्हटलं तरी चालेल. तिच्या पट्ट्याची कडी वाजते का, तेवढंच ऐकत पडायचो. पाचव्या रात्री झोप लागली. ती कशी लागली, हे मला आजही सांगता येत नाही.

सोळा दिवस एका बोटीत होतो, पण खरं तर एकमेकांना भेटायचो ते पाळी बदलताना. दहा मिनिटं. ती सांगायची, “एक जहाज डावीकडून गेलं, मागे पडलंय. शीड मी आखडून ठेवलंय. मागे ढग आहे, बघत राहा.” मी उठून वर आलो की माझ्या उबेत ती शिरायची. एकच अंथरूण, आळीपाळीनं. पश्चिमेला जाताना घड्याळही तीन वेळा एकेक तास मागे घ्यावं लागलं. त्या रात्री वाढलेला तास आम्ही अर्धा-अर्धा वाटून घेतला.

अकराव्या रात्री असाच एक मागचा ढग गाठायला आला. पंधरा नॉट्सचा, म्हणजे ताशी पंधरा सागरी मैलांचा, वारा काही मिनिटांत तिशीपार, वर आडवा पाऊस. मी हाक मारायला तोंड उघडलं तोवर ती पट्टा अडकवून दारात उभी होती. झोपेत वाऱ्याचा आवाज बदलला तो तिला कळला होता. वीस मिनिटांत सगळं निवळलं. एक शब्दही न बोलता ती परत खाली गेली.

आता तुमच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर. एक रात्र आम्ही थांबलो. शेवटची.

बार्बाडोस ठेंगणं, प्रवाळाच्या चुनखडीचं बेट आहे, सर्वांत उंच जागा साडेतीनशे मीटरही नाही. ते जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आधी दिसली ती ढगांखालची दिव्यांची आभा. आग्नेय किनाऱ्याजवळ कॉबलर्स रीफ ही पाण्यातली प्रवाळखडकांची रांग आहे, आणि अनोळखी बंदरात रात्री शिरायचं नाही हा आमचा दुसरा नियम. म्हणून किनारा पंधरा मैलांवर असताना पुढचं शीड वाऱ्याविरुद्ध उलटं ताणून बांधलं, मोठं आखडलं, सुकाणू एका बाजूला बांधून टाकलं. शीड बोटीला एकीकडे ढकलतं, सुकाणू दुसरीकडे. बोट ताशी जेमतेम मैलभर सरकत राहते. डोलणं थांबलं. पाण्याचा आवाज थांबला. त्या रात्री पाळी आळीपाळीची नव्हती. दोघंही वर बसून राहिलो. सोळा दिवसांत पहिल्यांदाच आम्ही सलग काही तास एकमेकांशी बोललो, आणि बोललो ते सगळं निघण्याआधीच्या दिवसांबद्दल.

उजाडल्यावर दक्षिण टोकाला, १८५२ सालच्या दीपगृहापाशी वळसा घातला आणि बेटाच्या आडोशाला शिरलो. मातीचा वास आला. इतका दाट, की ती म्हणाली, हा हातात धरता येईल. ब्रिजटाउन बंदराशी रेडिओवर बोललो आणि पिवळं निशाण चढवलं. त्याचा अर्थ, बोटीवर आजार नाही, प्रवेशाची परवानगी द्या. परवानगी मिळेपर्यंत कप्तानाखेरीज कुणी उतरायचं नाही. कागदोपत्री कप्तान ती. पासपोर्ट, बोटीची नोंदणी, मिंडेलोचा निर्गमन दाखला, सगळं जलरोधक पिशवीत घालून ती धक्क्यावर उतरली. “मी येईपर्यंत झोप,” म्हणाली.

सोळा दिवसांत आम्ही एकमेकांपासून बोटीच्या लांबीपेक्षा, म्हणजे अकरा मीटरपेक्षा, दूर गेलो नव्हतो. ती कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. बोट दोरांनी पक्की बांधलेली, पाणी शांत. मी कॉकपिटमध्ये बसून त्या कोपऱ्याकडे बघत राहिलो. दोन तासांनी ती शिक्के मारलेले कागद उंच धरून येताना दिसली, तेव्हा उठलो आणि पिवळं निशाण उतरवलं.